बारा डॉलरची बाटली

लेबलावर घोडा आहे, पण त्याला कुठं जायची घाई नाही.
बारा डॉलर, वर कर. झाकण प्लॅस्टिकचं,
फिरवलं की खोकल्याच्या औषधासारखं कुरकुरतं.

डेल्बर्टनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन ग्लास मांडले.
ग्लास कसले, पीचच्या मुरांब्याच्या रिकाम्या बरण्या.
माझ्याकडं पाठ करून ओतली,
कुठली कशात, ते बुडाला पेन्सिलीनं लिहून ठेवलं:
एक ही घोड्याची, एक तिशीतली,
एक जावयानं लुइव्हिलहून आणलेली,
जिची किंमत विचारायची नसते.

"आर्डिथ, तू आधी. तुझं नाक अजून शाबूत आहे."
त्याचं नाक पिंपांनी खाल्लं.
अडतीस वर्षं ओकच्या पोटात जाळ घालत होता,
पंचावन्न सेकंद, तोंडानं मोजून.
अजूनही पाव टोस्टरमध्ये टाकला की
त्याचे ओठ हलतात.

तोंड जरा उघडं ठेवून हुंगायचं,
नाहीतर नुसता झणका टाळूला भिडतो.
पहिली बरणी:
ज्वारीच्या धाटांची काकवी, कढईला खाली लागलेली.
भाजके शेंगदाणे. मागून मिरी, उशिरा आलेल्या धाकट्या पोरासारखी.
गिळली, आणि गेली की किती वेळ
दारात उभी राहून बोलतच राहिली,
निघालेल्या पाहुण्याला एकदम सगळं आठवतं तशी.

दुसरी जास्त सभ्य. व्हॅनिला, चेरी,
चर्चमधल्या पॉलिश केलेल्या बाकाचा वास.
चूक काढायला जागा नाही,
म्हणून मग लक्षातही राहायला जागा नाही.

तिसरी नाकाशी नेली आणि थांबले.
मका. कच्चा, दुधाळ, कणसाची हिरवी पानं ओढताना येतो तसा.
ओली फळी. आणि त्याखाली, अगदी खाली,
माझ्या घराची भिंत.

गोदाम आमच्या कुंपणापलीकडं, सात मजली, बिनखिडक्यांसारखं.
पिंपांतून जे उडून जातं ते देवदूत पितात,
असं फेरीवरच्या पाहुण्यांना सांगतात.
पिऊन ते कुठं बसतात, ते सांगत नाहीत.
माझ्या पांढऱ्या फळ्यांवर बसतात, काळी बुरशी होऊन,
पोस्टाच्या पेटीवर, झोपाळ्याच्या साखळीवर,
बर्च झाडाच्या पांढऱ्या सालीवर.
दर एप्रिलला शिडी लावते, ब्लीच, ब्रश, जुने मोजे हातात.
सव्वीस एप्रिल झाले.
तो वास मला कुणी बाटलीत भरून शिकवायला नको.

"ही घोड्याची," मी म्हटलं. "पहिली जावयाची. मधली तिशीतली."

त्यानं बरण्या उलट्या करून पाहिल्या
आणि खोकला लागेपर्यंत हसला.
घोडा बरोबर ओळखला होता.
पण ती दारात रेंगाळणारी, बोलकी, तीस डॉलरची;
आणि चर्चचं बाक जावयाचं.
"त्याला सांगू नकोस," डेल्बर्ट म्हणाला, डोळे पुसत,
"पोरगं रांगेत चार तास उभं होतं."

मग वही निघाली. हार्डवेअरच्या दुकानाची, तेलाचे डाग पडलेली.
घोडा: किती?
कोवळी आहे, मी म्हटलं. खालच्या मजल्यावरची,
थंडीत वाढलेली, उन्हाळा तिनं ऐकूनच माहीत.
घशात चटका, पण खोटा नाही.
जेवढं येतं तेवढंच बोलते
आणि मग खरोखर गप्प बसते.
साडेसहा.

"सहा," तो म्हणाला. "अर्धा तू भिंतीचा देतेयस."
"भिंतीचा मी वजा केलाय."
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
पलीकडून गोदामाचं दार ओढल्याचा आवाज आला,
रात्रपाळीची माणसं, कुणाचा तरी रेडिओ.

त्यानं सहा लिहिले, खोडले,
पुन्हा सहा लिहून शेजारी एक टिंब ठेवलं,
त्याचं पुढं काय ते उद्यावर टाकून.

दुसऱ्यांदा ओतताना
हात दोघांचेही एकाच बरणीकडं गेले.
ते वहीत नाही.