चवीपुरतं

जानेवारीतलं डेटन. ओहायोभर बर्फ.
थॅडियस गेन्सच्या गॅरेजमध्ये रॉकेलचा हीटर,
एक जुना ड्रमसेट, आणि मी,
चाळीस पोरं घरोघर सोडून आलेली,
बुटांवर रस्त्यात टाकलेलं मीठ.

दुसरा ठोका आणि चौथा: हे मला येतं.
दार वाजवावं तसे, खणखणीत.
पण त्यांच्या मधल्या फटींत
डाव्या हातानं जे कुजबुजायचं,
ज्याला हे लोक भुताचा ठोका म्हणतात,
ते भूत माझ्या हाताला लागतच नाही.
लागतं तेव्हा भांडी पाडत येतं.

"रनेटा," थॅडियस म्हणतो, "मारू नकोस. पडू दे."
एकतीस वर्षं ब्रेकच्या कारखान्यात होता,
उजव्या कानानं कमी ऐकतो,
पण रविवारी चर्चमध्ये वाजवायला बसला की
बायका हातातले पंखे हलवायच्या विसरतात.
"काठी बोटभर वर. तेवढीच.
हातचं राखून वाजव.
आणि राखलेलं ऐकू आलं पाहिजे."

तीन आठवडे. मनगटाचं लाकूड.
जिथं हळू जायचं तिथं हात घाबरतो,
आणि घाबरलेला हात जोरात बोलतो.
(हे मला लग्नातच कळायला हवं होतं.)

मग एका मंगळवारी त्यानं
डायनरमधून आणलेली मिठाची पुडी फाडली,
स्नेअरवर पसरली.
"दुसऱ्या-चौथ्याला दाणे उडू देत.
बाकीच्यांना नुसते शहारू देत."

उडाले.
सगळ्यांना सगळेच उडाले,
माझ्या मांडीवर, हीटरवर तडतडत.
दुसरी पुडी. तिसरी.

मला वेन ॲव्हेन्यूचा उतार आठवला:
काचेसारखा बर्फ, शेवटच्या बाकावर
झोपलेली टमाया, एकटीच उरलेली,
आणि ब्रेकवर पाय. दाबायचा नाही.
नुसतं विचारायचं: आहेस?

तसं विचारलं डाव्या हातानं.

दाणे सरकले. जागच्या जागी,
झोपेत कूस बदलावी इतकेच.
थॅडियसनं डावा कान पुढं केला.
बोलला काहीच नाही. हीटर बंद केला,
त्याची घरघर नको म्हणून.

चार आवर्तनं जमलं.
पाचव्यात मी खूश झाले
आणि पुन्हा भांडी.

निघताना त्यानं स्नेअरवरचं मीठ
तळहातावर गोळा केलं,
दाराबाहेरच्या पायरीवर टाकलं.
"बेतानं जा," म्हणाला.
गेले. गाडीपर्यंत माझी पावलं
बर्फात वाजत होती,
दोन मोठी, आणि मधेमधे
कसली कोण जाणे, बारीक.