मिटलेला 'ओ'

डेल्फीन टिबेट्स दिव्याखाली पाकिटं लावते,
जुनी सही डावीकडे, नवी उजवीकडे.
खिडकीबाहेर कॅरोलायनातली तंबाखूची शेतं, कापून झालेली.

ऑर्विल स्ट्रिकलंड, वय एक्क्याऐंशी.
सही घोटीव, अगदी मोत्यासारखी.
तिथेच ती अडते.
गेल्या वर्षी, कुत्र्याच्या परवान्यावर
त्याचा 'ओ' मिटलाच नव्हता;
अर्धांगानंतरचा,
कडी न लागणाऱ्या दारासारखा.

साक्षीदाराची शाई हिरवट निळी.
आणखी अकरा पाकिटांवर तीच.

फोनवर तो म्हणतो,
"पोरगा आला होता, गोडबोल्या.
म्हणाला, पोस्टाचे हेलपाटे कशाला, आजोबा?
कोरंच दिलं मी.
का गं, पोचलं नाही?"

डेल्फीन नवी मतपत्रिका काढते.
एकटीनं जायचं नाही, नियम आहे;
समोरच्या पक्षाच्या रुथॅनला हाक मारते,
आणि जाड दांड्याचं पेन
आठवणीनं पर्समध्ये टाकते.