चारशे चारची यादी

उदगीरचा बाजार उठल्यावर
अप्पांनी शटर अर्धं ओढलं.
"कांते, परभणीचा माणूस फोनवर तापलाय.
घुंगरमाळ बघाव म्हणून बोट लावलं
तर म्हणं पांढरं पान येलालंय,
वर लिवलंय, सापडलं नाही.
आगं, माळ तर हितं खुंटीला हाय."

खुंटीला होती. मी हात लावून पाहिला.
सोळा घुंगरं, लाल चामडं, एक टाका उसवलेला.
दुकानात आहेत आणि दुकानात नाहीत
अशा वस्तू शोधायला
मी नऊ वाजता बसले.

एकेक नाव दाबायचं, गोल फिरू द्यायचं.
कासरा, उघडला.
वेसण, सुती, उघडली.
म्होरकी, देवणी बैलाची: चारशे चार.
म्होरकी, वासराची: उघडली, पण फोटोत गोंडे.
झुलीचा पत्ता इंग्रजीत तीन तऱ्हांचा,
एक यू, दोन यू, दोन ओ,
झूल एकच, तीही दोन ओच्या घरी.
घुंगरमाळ एका आडव्या रेघेसाठी अडलेली.
वाटलं होतं दहाबारा निघतील.
वहीत सत्तेचाळीस.

त्यातले बारा मल्लिनाथचे. अप्पांचा भाचा.
जिल्ह्याचं नाव बदललं त्या आठवड्यात
त्यानं एका झटक्यात सगळीकडं
उस्मानाबाद काढून धाराशिव केलं.
पत्त्यात बरोबर. बिलावर बरोबर.
पण उस्मानाबादी शेळीचं दावंसुद्धा
धाराशिवी शेळीचं झालं,
शेळीला कोणी विचारलं नव्हतं.
लोक तिला जुन्या नावानं शोधत आले
आणि पांढऱ्या पानावरून परत गेले.

मी जुन्या दारांवर पाट्या लावल्या,
पुढच्या गल्लीत या. तीनशे एक.
बारा ओळी. बारा दावी
आपापल्या शेळ्यांना लागली.

गोंड्यांची पिशवी ठेवायला तस्लीमबी आल्या.
"क्या ढूंडरी गे इत्ती रात कू?"
तुटलेले दुवे, म्हणाले.
शटरखाली वाकता वाकता त्या थांबल्या.
"दुवा टूटती क्या कब्बी?
लगती. नैतो नै लगती."

साडेबाराला एकच उरलं.
काशाची घंटी, देगलूर.
पत्ता बरोबर, रेघ बरोबर, यू-ओ बरोबर,
आणि त्या पत्त्यावर काहीच नाही.

सकाळी सायन्नांना फोन लावला.
"पान मीच काढायला लावलं, पोरी.
हात हलतो आता. ओतताना काठ बसत नाही.
अप्पाला सांगितलं होतं की."

अप्पांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.
"त्या जागी मुरादाबादची जोड.
पितळी हाय, चमक जास्त हाय.
गिऱ्हाइकाला काय कळलालंय."

एका ओळीचं काम होतं.
पण तीनशे एकचा अर्थ,
तेच आहे, फक्त घर बदललं.
मी ओळ लिहिली, पुसली.
एक आकडा आणखी असतो, फार कोणी वापरत नाही.
चारशे दहा.
होतं. गेलं. इथं वाट बघू नका.

त्या आकड्याच्या पानावर लिहिलं:
सायन्ना आता घंट्या ओतत नाहीत.
दुसऱ्या आहेत, खाली बघा.
आवाज वेगळा आहे.

अप्पांनी वाचलं. "आसं लिवल्यावर
कोण घेतंय दुसऱ्या?"
मग गल्ल्याखालच्या कप्प्यातून
फडक्यात गुंडाळलेली एक काढून
लॅपटॉपशेजारी ठेवली.
"ह्याचा फोटू टाक वर. किंमत टाकू नको."

ठेवताना ती जराशीच वाजली.

वहीत सेहेचाळीस बरोबरच्या खुणा,
सत्तेचाळिसाव्यासमोर काय करायचं कळेना,
मोकळं सोडलं.

दुपारी परभणीचा फोन आला.
माळ दिसली, म्हणाला.
महाग आहे.