बालदी

दुकानाच्या छताला अजून टांगलेल्या असतात,
एकीच्या कानात दुसरीचा कान:
निळ्या, लाल, आणि एक पोपटी
जी कुणी घेत नाही.
बाल्दिया म्हणतो आम्ही.
शब्द मुळात आमचा नाहीच. कुठल्याशा फिरंगी गलबतातून
कोळंबोच्या धक्क्यावर उतरला
आणि पाणी भरत राहिला.

शिवप्रकाशम वाल्दिया म्हणायचा.
जाफन्याकडचा. अकरा वर्षं आमच्या वह्या लिहिल्या.
बाबा म्हणायचे, ही माणसं पैशाला पैसा चिकटवून झोपतात.
आणि तिजोरीची किल्ली त्याच्याच कमरेला.
त्याची बायको म्हणे म्हणायची,
सिंहली माणूस सणाला तेलातलं गोड खातो
आणि पुढच्या सणालाच उठतो.
हे तोच सांगायचा, हसत.
बाबाही हसायचे. चहा यायचा.

त्या जुलैत रस्त्यावर पोरं उभी राहिली.
गाड्या थांबवायची, बालदी उचलून विचारायची:
हे काय आहे?
एवढंच.

तीन रात्री गोदामात, रंगाच्या डब्यांमागे
आई त्याला शिकवत होती.
ओठ मिट. आता उघड. ब.
व, म्हणायचा तो.
मिटल्याशिवाय उघडू नकोस, शिवा.
मी कंदील धरून बसले होते. नऊ वर्षांची.
एकदा फिस्सकन हसले.
माझ्या तोंडात तो शब्द फुकट पडून होता ना.

चौथ्या दिवशी व्हॅन काढली.
तो बाबांच्या सारोंगमध्ये,
कपाळावरचं भस्म इतकं घासून पुसलेलं
की कातडी लाल.
मध्ये मी, लेकुरवाळी दिसावी म्हणून गाडी.

पुलापाशी एकाने काच वाजवली.
त्याच्या हातातली बालदी आमचीच होती,
बुडाला बाबांच्या अक्षरात किंमत.
हे काय?
बाल्दिया, शिवप्रकाशम म्हणाला.
गल्ल्यावर खणकन नाणं पडावं तसा.

मग पोरगा बाबांकडे वळला. तू म्हण.

बाबा जन्माचे तोतरे. नेमका ब अडायचा.
गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, ती नुसती बोट दाखवायची.
आम्हालाच तेवढं आठवलं नाही.
ब
ओठ मिटले ते मिटलेच.
ब
खाली पेट्रोलचा वास. कुणीतरी दाराच्या मुठीला हात घातला.
ब

तेव्हा तो, ज्याच्याकडे तो शब्द जेमतेम तीन दिवसांचा,
खिडकीतून वाकला आणि म्हणाला,
सोडा रे, आपलाच आहे तो.
जीभ अडते त्याची.

बाबांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही.
मी त्याला वाचवलं, असं सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं.
कॅनडाहून दर एप्रिलला पत्र यायचं.
वाचून घडी घालत बाबा म्हणायचे, फार हुशार जात.
पूर्वीही हेच म्हणायचे, याच शब्दांत.
आवाज बदलला होता का,
मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता गल्ल्यावर मी बसते.
परवा नव्या इमारतीतली रिझाना आली, काळ्या अबायात.
तिने ती पोपटी घेतली.
हजाराची नोट दिली, मी ती उजेडात धरून पाहिली.
तिच्या आधी शाळेतल्या बाई येऊन गेल्या होत्या.
त्यांचीही हजाराचीच.
ती सरळ खणात टाकली होती मी.

रिझानाने पाहिलं.
काही बोलली नाही. नोट खणात पडेपर्यंत थांबली,
मग विचारलं, या बाल्दियाला झाकण मिळेल?
ब स्वच्छ. बाबांना आयुष्यभर जमला नाही तितका.

झाकण नव्हतं.
ती गेली, आणि मला कळलं मी काय ऐकत होते.
कंदील कधीच विझलाय,
तरी दारात कुणी आलं की
माझी नजर आधी ओठांवर जाते,
मिटतात का बघायला.