डावी बाजू

खोली सकाळपासून अडतीस अंशांवर आणून ठेवली आहे.
बाहेर शेफील्ड, ट्रामच्या काचांवर नोव्हेंबर.

मिस्टर ऑलरनशॉ टेबलावर उताणे,
वय चौऱ्याहत्तर, अंगावर एक चड्डी.
मी आयोडीन फासलं, वाळू दिलं,
वर चाळणीतून मक्याचं पीठ भुरभुरवलं.
'तळणार आहेस का मला, पोरी?'
हलू नका, म्हटलं.

सातवीत बटाट्याच्या फोडीवर टाकले होते हेच थेंब.
फोड निळी झाली की बाई वहीत बरोबरची खूण करायच्या.
इथे निळं पडायला घाम फुटावा लागतो.
नाही फुटला, तर पीठ पिवळट, गप्प.

विसाव्या मिनिटाला उजव्या कपाळावर ठिपका.
मग गळा, काख, बरगड्या,
दौत लवंडावी तसा उजवा माणूस उमटत गेला.
डावा उमटेना.
कपाळाच्या मधोमध रेघ,
दोन भावांच्या शेतांत असते तशी,
नाकाच्या शेंड्यावरून बेंबीपर्यंत.

तळहात पिठाविना मोकळे ठेवले होते,
त्यांवर वजन केलेले टिपकागद चिकटवलेले.
उजवा : दोनशे बारा मिलिग्रॅम जास्त.
डावा : शून्य.
तराजूचं काचेचं दार लावून, श्वास रोखून, परत ठेवला.
शून्य.

'भट्टी त्या अंगाला असायची,' ते छताकडे बघत म्हणाले.
'एकतीस वर्षं. डावीकडेच.
त्या बाजूचा संपला असेल.'

घामाचं असं खातं नसतं, काढून काढून रिकामं व्हायला.
मणक्यापाशी कुठेतरी नस दबली असेल,
ते डॉक्टर सांगतील गुरुवारी.
मी रकान्यात आकडा लिहिला.
का कोण जाणे, सांगून बसले :
आमच्या भाषेत घाम गाळतात.
गाळतात म्हणजे, चहा गाळतात ना, तोच शब्द.
ते बराच वेळ विचार करत राहिले.
'मग गाळण्यात काय उरतं?'

मी हीटर बंद केला.

आंघोळ करून, कोट घालून ते निघाले,
तेव्हा उजव्या कानामागे निळं राहिलं होतं, करंगळीएवढं.
हाक मारावी म्हणून दारापर्यंत गेले.
ट्राम आली होती.