दोन कुरणं पलीकडे

कपाट पोलादी आहे, हॉलच्या भिंतीत चार बोल्टांनी आवळलेलं.
चौदा महिने त्यात रायफल नाही.
प्लमच्या जॅमच्या बरण्या ठेवते मी,
आणि मर्डोच्या पायाची पट्टी,
जी त्याला डोळ्यांसमोर चालत नाही.

आज लायसन्सवाल्या बाई आल्या. पराटा आडनाव.
इन्व्हरकार्गिलहून दोन तास गाडी हाकत.
बूट दाराबाहेर काढले. चहा बिनदुधाचा.
आधी त्याच्याशी बोलल्या, शेडमध्ये.
खिडकीतून दिसत होतं:
डाव्या खांद्याला झाडूचा दांडा लावून तो उभा,
उजवा डोळा मिटायला शिकलेला,
साठ वर्षं उजव्या खांद्यानं जगलेला माणूस.
'सेफ्टी' अजून त्याच्या तोंडून 'सेटी' येतं.
तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा बाई थांबल्या.

टेबलावर डॉक्टरांचं पत्र.
मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती, आता प्रकृती स्थिर.
स्थिर तर डबकंही असतं.

मग त्या स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं,
आणि कागदाकडे न बघता विचारलं:
याच्याकडे पुन्हा बंदूक आली
तर या घरात तुम्हाला सुरक्षित वाटेल?

मला टिग आठवली.
सोळा वर्षांची कुत्री, मागचे पाय गेलेले.
आमच्या प्रत्येक कुत्र्याला मर्डोनंच निरोप दिला,
कुंपणापाशी, कानामागे खाजवत.
दुसऱ्या कुणाचा हात त्याला खपला नसता.
या वेळी रेक्स आला शेजारचा,
टोपी हातात, माफी मागायला आल्यासारखा.
मर्डो शेगडीपाशी बसून राहिला.
आवाज झाला तेव्हा त्यानं कप खाली ठेवला,
डाव्या हातानं, बशीच्या बरोब्बर मध्ये.
थेंब सांडला नाही.
मी घाबरले ती तेव्हा.

आणि जुलैतली ती रात्र, पाइप गोठले होते.
तीन वाजता तो हॉलमध्ये, अंधारात, अनवाणी,
तळहात कपाटाच्या दारावर.
काय हवंय, मी विचारलं.
बराच वेळ शब्द शोधला त्यानं.
म्हणाला, "जॅम."

मी किल्ली आणली.
तो जमिनीवर बसून खात राहिला, चमच्यानं, थेट बरणीतून,
मी शेजारी बसले, पायांवर घोंगडी टाकली,
आणि तो खरं बोलला का
हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

बाईंना मी ही जॅमचीच गोष्ट सांगितली.
का, माहीत नाही. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.
एप्रिलमध्ये वरच्या रानात नर हरणं डरकायला लागतात
तेव्हा जेवता जेवता त्याची मान कशी वळते,
ते नाही सांगितलं.

त्यांनी काही लिहिलं नाही.
किल्ली कुणाकडे राहील, विचारलं.
कायद्यानं त्याच्याकडे, मी म्हटलं.
"कायदा मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या,
आणि उरलेला गार चहा उभ्यानंच संपवला.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर त्यानं विचारलं,
काय सांगितलंस?
"जॅम," मी म्हणाले.
त्याच्या तोंडाची जी बाजू हसू शकते ती हसली.

कार्ड सहा आठवड्यांनी आलं. फोटोत ओठ कललेला.
मी बरण्या हलवल्या, कपाट ओल्या फडक्यानं पुसलं,
तरी खालच्या फळीवर एक चिकट वर्तुळ राहिलंच.
रायफल त्यानं स्वतः आत उभी केली.
बोल्ट मात्र रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

"रेक्सकडे," म्हणाला. "त्याच्याकडेच राहू दे."
मी काही विचारलं नाही.
रेक्सचं घर दोन कुरणं पलीकडे.
त्या पायानं पाऊण तास लागतो,
आणि वाटेत तीन फाटकं,
प्रत्येक उघडायचं, परत लावायचं.