चौकट क्रमांक सतरा

येऊरच्या गेटवर सही केली, सात वाजून दहा.
पिशवीत चार पाइप. कोपरे जोडले की चौकट,
एक मीटर बाय एक मीटर.
टाकायची, आणि आत काय ते मोजायचं.

रानमोडी, खोडं एकोणतीस.
रानमोडी, खोडं चव्वेचाळीस.
तिसरी चौकट जमिनीला टेकलीच नाही,
झुडपांवर अधांतरी राहिली, बाजेसारखी.
हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं काही मोजलं नसणार,
तरी नेमकं ठेवलं.

पाटोणपाड्याची बारकी वरठा उपटायच्या रोजावर आहे.
बुडखा धरते, टाच रोवते,
आणि कान धरून पोराला उठवावं तशी ओढते.
"कापू नको दादा, कापलंस का एकाची पाच.
फुलायच्या आधी उपटायची.
फुलली का मग नुसतं बघत बसायचं."
माझ्या अहवालाचं चौथं प्रकरण याहून बावीस पानं लांब आहे.
वर्क ऑर्डर जानेवारीत आली.
उतारभर पांढरी म्हातारी उडते आहे.

सतराव्या चौकटीत मी लिहिलं: इतर वनस्पती, शून्य.
ती वाकली. कोयत्याच्या टोकानं माती उकरली.
ही शेवळाची गाठ.
हे कुलूचं मूळ, पावसाची वाट बघतंय.
हा करांदा, वेल वाळली म्हणून मेला थोडाच.
माती परत लोटली तिनं, हलक्या हातानं,
झोपलेल्यावर गोधडी ओढावी तशी.
शून्य खोडून तीन केला.
साहेब विचारतील, फोटोत कुठे आहेत?

परतताना पाइपच्या कडेनं अंगठा चिरला.
बारकीनं पाला तळव्यावर चोळला, रस पिळला.
झोंबलं. रक्त थांबलं.
"कुठला पाला?"
हसली नुसती, आणि उपटलेल्या ढिगाकडे हनुवटी केली.
फॉर्मवर रकाना आहे, 'उपयुक्तता'.
सकाळीच सगळीकडे 'नाही' लिहून ठेवलं होतं,
वेळ वाचावा म्हणून.

वर्तकनगर. पाचवा मजला. दारातच मोजे काढले.
काळं, बारीक, कुसळासारखं बी,
प्रत्येकाला पांढरी शेपटी.
एकसष्टपर्यंत मोजलं.
आई आतून म्हणाली, "घरात कशाला केर,
गॅलरीतून झटक की."
खाली सोसायटीची बाग, पलीकडे नाला, त्यापलीकडे सगळं ठाणं.
वारा बरा होता.

मोजे वर्तमानपत्रात गुंडाळून बसलो आहे.
प्रसाराचं कारण: वारा, पाणी, गुरं, इतर.
इतरपुढे जागा सोडली आहे अर्ध्या ओळीची.
अंगठा अजून हिरवा आहे.